किती वाजले, बॉस?

प्रोग्रॅमला ‘आत्ता किती वाजले’ हे विचारायला एक ओळ पुरते. पण ती ओळ शेकडो ठिकाणी लिहिलेली असेल आणि सगळीकडे बदलायची असेल तर? घड्याळांच्या डागडुजीची ही गोष्ट... थोडी आमच्या ऑफिसातली, थोडी तुमच्या खिशातल्या मोबाइलमधली!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंजवडीतलं ऑफिस, दुपारचे चार, मशिनवरची दुसरी कॉफी. सपोर्टवाल्यांनी एक कॉल थेट माझ्या डेस्कवर ढकलला. आम्ही तेव्हा हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळायचो आणि आमचा एक क्लायंट होता कॉल सेंटर. फोनवर तिथलीच एक मुलगी.

‘‘सर, साडेसहाला सुटणाऱ्यांना नाइट अलाउन्स मिळतोय. मी रात्री एकला सुटते, मला दोन महिने मिळालेला नाही. एचआरवाले म्हणतात सिस्टिममध्ये दिसत नाही. आता सिस्टिम तुमची, तुम्हीच बघा.’’

आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं.

आमच्या सॉफ्टवेअरचा फंडा सोपा होता. माणूस आत आला ती तारीख आणि बाहेर पडला ती तारीख वेगळी असेल, तर त्याने रात्र काढली. अलाउन्स द्या. वर्षानुवर्षं चाललं होतं. मग दोन महिन्यांपूर्वी काय झालं? ऑफिसातल्या कोपऱ्यात घरघरणारा सर्व्हर बंद करून आम्ही सगळा कारभार बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये हलवला. पार्टी झाली, केक कापला. नवा सर्व्हर मात्र ग्रीनिचच्या वेळेवर चालणारा, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पुण्यात रात्रीचा एक वाजतो तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळचे साडेसात आणि तारीख आदल्या दिवसाचीच! त्याची मध्यरात्र व्हायची आपल्या पहाटे साडेपाचला. म्हणून सकाळी साडेसहाला सुटणाऱ्यांचे पैसे बरोबर पडत होते, आणि बारा ते साडेपाच या वेळात घरी जाणाऱ्यांचे गायब. तिचं निरीक्षण आमच्या टेस्टिंग टीमपेक्षा चांगलं होतं.

कारण कळायला अर्धा तास लागला. दुरुस्तीला गेले चार महिने.

का? कारण ‘आत्ताची वेळ’ विचारणारी ती ओळ शोधायला बसलो आणि स्क्रीन संपली तरी यादी संपेना. हजेरीत ती, पगारात ती, रजेच्या अर्जात ती, रिपोर्ट छापताना ती. पासवर्डची मुदत मोजायलाही तीच. प्रत्येकाने आपापल्या गरजेनुसार थेट सर्व्हरला विचारलेलं, ‘किती वाजले रे?’ एका हुशाराने उत्तरात साडेपाच तास मिळवले होते. तेच उत्तर पुढे वापरणाऱ्या दुसऱ्या हुशारानेही मिळवले होते. त्यामुळे एका रिपोर्टमध्ये सगळी कंपनी साडेपाच तास भविष्यात जगत होती!

कुकरला तारखेशी काय देणंघेणं?

या कामाला आमच्या भाषेत रिफॅक्टरिंग म्हणतात. बाहेरून काही बदललेलं दिसत नाही, आतल्या भिंती मात्र हलतात. बॉसला दाखवायला नवीन स्क्रीन नाही, अप्रेझलमध्ये लिहायला नवीन फीचर नाही. त्यात घड्याळांचं रिफॅक्टरिंग सगळ्यात वैतागवाणं, कारण ‘किती वाजले’ या एका प्रश्नामागे दोन वेगळे प्रश्न लपलेले असतात.

पहिला प्रश्न भिंतीवरच्या घड्याळाचा. तारीख काय, वेळ काय. हे घड्याळ मागेपुढे होऊ शकतं. इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला विचारून कॉम्प्युटर ते अधूनमधून दुरुस्त करतो, कधी आपण हाताने बदलतो. दुसरा प्रश्न स्टॉपवॉचचा. मघापासून किती वेळ गेला? याला तारखेशी घेणं नाही, पण एक अट पक्की, की ते कधीच मागे जाता कामा नये. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजताना आपण कॅलेंडर बघत नाही, तसंच.

दोन घड्याळांचा गोंधळ मुंबईकरांच्या आजी-आजोबांनी प्रत्यक्ष जगून काढलाय. १ जानेवारी १९०६ ला देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, पण मुंबई आपली ‘बॉम्बे टाइम’ ३९ मिनिटं मागेच ठेवून बसली. हा हट्ट चालला थेट १९५५ पर्यंत. कोणी भेटीची वेळ दिली, तर पुढचा प्रश्न ठरलेला असणार, ‘कुठली वेळ?’ प्रोग्रॅमरनेही नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो. आम्ही तो विचारत नाही.

न विचारल्याने काय होतं, याचं झकास उदाहरण १ जानेवारी २०१७ चं. रविवार, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. थर्टी फर्स्टवाले जेमतेम झोपलेले. त्या क्षणी जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद जास्तीचा घातला गेला. पृथ्वी आपल्या अणुघड्याळांशी अगदी जुळवून फिरत नाही, म्हणून १९७२ पासून असे २७ सेकंद घालावे लागले आहेत. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळांची वजाबाकी करून ‘किती वेळ लागला’ हे काढत होते. भिंतीवरचं घड्याळ एक सेकंद मागे सरकलं आणि उत्तर आलं शून्याच्याही खाली! उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असा प्रकार. पुढच्या ओळीला उणे आकडा झेपेना, प्रोग्रॅम कोसळला, आणि कंपनीमार्फत चालणाऱ्या काही वेबसाइट्सचे पत्ते सापडेनासे झाले. दुरुस्ती किती? ‘शून्य असेल तर’ याऐवजी ‘शून्य किंवा त्याहून कमी असेल तर’. कोडमधलं एक अक्षर.

हे सॉफ्टवेअर गो नावाच्या भाषेत लिहिलेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोची १.९ ही आवृत्ती आली आणि तिने जी चाल केली ती मला फार आवडते. जगभरच्या प्रोग्रॅमर्सना ‘तुमची प्रत्येक ओळ बदला’ असं सांगण्याऐवजी त्यांनी वेळेच्या पुडीतच दोन्ही आकडे बांधून दिले, भिंतीवरचा आणि स्टॉपवॉचचा. छापायला मागितली तर भिंतीवरची वेळ, वजाबाकी केली तर स्टॉपवॉचची. जुना कोड नव्या आवृत्तीवर बांधला की आपोआप सुधारला. हे सगळीकडे जमत नाही, हाच काय तो प्रॉब्लेम.

मंगळवार, ८ वाजून ४४ मिनिटं

जमत नाही तिथे काय होतं हे बघायचं तर लिनक्सकडे बघावं. तुमचा मोबाइल अँड्रॉइड असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. घरातल्या वायफायच्या डब्यातही बहुतेक तोच.

युनिक्सच्या घराण्यात वेळ मोजतात १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. ३२ बिटांच्या यंत्रांवर या आकड्याला जो खण दिलाय त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. तो खण भरेल १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. म्हणजे आपण दादरला चढायच्या तयारीत असताना. पुढच्या सेकंदाला आकडा उलटा होऊन यंत्राला वाटेल की डिसेंबर १९०१ चालू आहे.

‘‘हॅ! वायटूकेच्या वेळीही असंच घाबरवलं होतं,’’ असं म्हणणारे भेटतात. काही झालं नाही, कारण लाखो ओळी माणसांनी बसून तपासल्या. आणि ते तपासण्याच्या कामावरच तर आपल्या कितीतरी आयटी कंपन्यांना परदेशाचा रस्ता दिसला!

लिनक्समध्ये २०३८ ची ही मोहीम काही वर्षं चालली. अर्न्ड बर्गमन हे त्यातलं प्रमुख नाव. आउटरीची या इंटर्नशिप कार्यक्रमातून आलेल्या दीपा दिनमणी यांनी फाइल सिस्टिमच्या वेळांचं किचकट काम हाती घेतलं. फाइल कधी बनली, कधी बदलली हे नोंदवणारा खण २०१८ च्या ४.१८ आवृत्तीत सगळ्या फाइल सिस्टिम्ससाठी एकदमच मोठा झाला. एकदमच, कारण अर्ध्यांचा खण मोठा आणि अर्ध्यांचा छोटा असं चालतच नाही. जिन्याच्या अर्ध्याच पायऱ्या उंच केल्यासारखं होईल. त्याआधी वाट मोकळी करणारे बदल मात्र गुपचूप, एकेक करून आत सोडले होते. हा भाग कोणी फोटो काढण्यासारखा नाही, पण खरी कमाल तिथेच आहे.

शिवाय एक धर्मसंकट. लिनक्सचा नियम आहे की जुने प्रोग्रॅम मोडायचे नाहीत. जुन्या प्रोग्रॅमला छोट्या खणातच उत्तर हवंय. मग काय? जुना दरवाजा तसाच ठेवून शेजारी नवा काढला. २०१९ च्या ५.१ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी वेळेचे नवे सिस्टिम कॉल आले, आणि मार्च २०२० च्या ५.६ पासून कर्नलची बाजू २०३८ च्या पुढे जायला तयार झाली. आपण त्या महिन्यात लॉकडाउनच्या गडबडीत होतो, कोणाला पत्ताही लागला नाही. वरच्या सॉफ्टवेअरचं काम पुढेही चालूच राहिलं. डेबियनने २०२४ मध्ये आपली ३२ बिटांची पॅकेजेस मोठ्या खणावर नेली, पण जुन्या पीसीवाली शाखा मुद्दाम वगळली. तिथे लोक जुने प्रोग्रॅम चालवायलाच येतात, ते मोडून कसं चालेल?

प्रत्येक जागी थांबावं लागतं

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, फाइंड-रिप्लेस मारायचं! आम्हीही तेच म्हटलं होतं.

वेळ विचारणारी जुनी ओळ दिसली की विचारावं लागतं, हिला काय हवंय? तारीख हवी असेल तर भिंतीवरचं घड्याळ. दोन घटनांमधलं अंतर हवं असेल तर स्टॉपवॉच. त्यातही पोटभेद. लिनक्सच्या नेहमीच्या स्टॉपवॉचमध्ये लॅपटॉप झोपला असतानाचा वेळ धरत नाहीत. झोपेसकट मोजणारं स्टॉपवॉच वेगळं आहे.

२०१८ मध्ये कर्नलवाल्यांना वाटलं, दोन-दोन कशाला, नेहमीच्या स्टॉपवॉचमध्येही झोप धरूया. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात काय झालं? लॅपटॉप उघडला की त्यातल्या राखणदार प्रोग्रॅमला वाटायचं की हाताखालच्या सेवा खूप वेळ गप्प आहेत, म्हणजे मेल्या. मग तो जिवंत सेवा ठार करायचा! बिचाऱ्या फक्त झोपल्या होत्या. एप्रिल २०१८ मध्ये हा बदल निमूट मागे घेतला. जगातल्या सगळ्यात तरबेज लोकांचीही घड्याळापुढे अशी फजिती होते, हे वाचून मला तेव्हा जरा बरंच वाटलं होतं.

टायमरची कथा निराळी. टायमर म्हणजे ‘इतक्या वेळाने मला उठव आणि हे काम कर’ असा निरोप. लिनक्सच्या जुन्या पद्धतीत या चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिलेल्या असायच्या. कुठलं काम करायचं, आणि त्याला काय द्यायचं. हल्लेखोराला मेमरीतली ही चिठ्ठी खोडून लिहिता आली, तर दोन्ही गोष्टी त्याच्याच मनाच्या. २०१७ मध्ये एका संशोधकाने नेटवर्कच्या कोडमधल्या चुकीचा फायदा घेत अशाच चिठ्ठीने प्रोसेसरचं संरक्षण बंद करून दाखवलं. केस कुक यांनी मग हिरिरीने हे काम पुढे नेलं. नव्या पद्धतीत चिठ्ठीवरचा ‘काय द्यायचं’ हा रकानाच काढून टाकला. कामाला फक्त चिठ्ठीचा पत्ता मिळतो, बाकी त्याने स्वतः शोधून घ्यायचं. जानेवारी २०१८ च्या ४.१५ पर्यंत कर्नलभर विखुरलेले टायमर नव्या पद्धतीवर आले आणि जुनी पद्धत हद्दपार झाली.

एवढं हाताने? नाही. इथे कॉक्सिनेल नावाचं टूल कामी येतं. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेशी जोडलेलं. नावाचा अर्थ लेडीबर्ड, पिकावरचा मावा खाणारा तो ठिपक्यांचा लाल किडा. बग खाणारा बग, म्हणा ना! साधं फाइंड-रिप्लेस अक्षरं बघतं, हे कोडची ठेवण बघतं. ‘अशी मांडणी दिसली की तशी कर, मग व्हेरिएबलचं नाव काहीही असो’, असं त्याला सांगता येतं. सरळसोट जागा ते भराभर उरकतं. उरतात त्या वाकड्या जागा, जिथे कोणीतरी दहा वर्षांपूर्वी काहीतरी डोकं लढवलेलं असतं. तिथे माणूसच लागतो.

आणि हे काम संपतं का? छे! २०२२ च्या अखेरीस टायमर कायमचा बंद करण्याची नवी सोय आली, कारण बंद केलेला टायमर मागच्या दाराने पुन्हा चालू होण्याची भीती होती. २०२५ मध्ये तर नुसतं बारसं झालं. ‘डेल टायमर’चं ‘टायमर डिलीट’! बाकीची भावंडं ‘टायमर’ने सुरू होतात, मग यानेच आडनाव आधी का लावावं? थॉमस ग्लाइक्सनर यांनी स्क्रिप्ट चालवून नवं नाव एका झटक्यात कर्नलभर लावलं. हळूहळू बदललं असतं, तर मधल्या काळात दोन नावं आणि दुप्पट गोंधळ. मला विचाराल तर नुसत्या नावासाठी एवढा खटाटोप पटत नाही. पण टीममध्ये नवीन आलेल्या पोराला विचारा, त्याला शंभर टक्के पटेल.

आमच्या ऑफिसात मात्र...

आमच्याकडे ना कॉक्सिनेल, ना ग्लाइक्सनर. टीम लीडने फर्मान काढलं, ‘‘आजपासून वेळ विचारायची ती एकाच दारातून. बाकी सगळी दारं बंद.’’ म्हणजे आमचंच एक छोटं फंक्शन. सगळ्यांनी त्यालाच विचारायचं, भारताची वेळ, तारीख वगैरे तेच ठरवणार.

आयडिया भारी होती, पण महिन्याभरात कळलं की एक दार पुरत नाही. लॉगिनची मुदत मोजणाऱ्या जागाही त्याच दारातून जायला लागल्या. एका रात्री सर्व्हरचं घड्याळ दुरुस्त होताना पुढे सरकलं आणि शिफ्टवरचे सगळे धडाधड लॉगआउट झाले. मग दोन दारं केली. एकावर ‘तारीख-वेळ’, दुसऱ्यावर ‘किती वेळ गेला’. आजही कोणी मला विचारलं तर मी सांगतो, पहिल्याच दिवशी दोन दारं करा.

दाराचा सगळ्यात मोठा फायदा मात्र आमच्या लक्षात उशिरा आला. वेळ एका जागेवरून येत असेल, तर टेस्टिंगच्या वेळी खोटं घड्याळ लावता येतं! अलाउन्सची चूक रात्री बारानंतरच दिसायची, म्हणून सुरुवातीला आमचा एक मित्र चक्क जागत बसायचा, मॅगी खात. खोटं घड्याळ आल्यावर सकाळी अकराला, चहाचा कप हातात घेऊन, रात्रीचा एक वाजवता येऊ लागला. बारा वाजून एक सेकंद, पाच एकोणतीस, पाच तीस, एकतीस डिसेंबर, एकोणतीस फेब्रुवारी... सगळ्या रात्री दोन मिनिटांत. अर्धा तास थांबून लॉगआउट होतंय का बघणारी टेस्टही क्षणात संपायला लागली, कारण खोट्या घड्याळाला अर्धा तास म्हणजे फक्त एक काटा फिरवणं. मित्र घरी झोपू लागला.

त्या मुलीचे पैसे? कोड दुरुस्त होईपर्यंत चार महिने थांबायला सांगणं शक्यच नव्हतं. टीम लीड आणि मी एक शनिवार घालवला, बारा ते साडेपाच या वेळात बाहेर पडलेल्या सगळ्यांची नावं पंचच्या नोंदींवरून काढली आणि एक्सेलची फाइल क्लायंटच्या एचआरला पाठवली. तिच्यासारखे बरेच जण निघाले. बाकीच्यांनी तक्रारच केली नव्हती. काहींनी तोपर्यंत नोकरी सोडली होती. त्यांची थकबाकी मिळाली की नाही ते आम्हाला कळलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

तिला पुढच्या पगारात मिळाले. तिने फोन करून सांगितलं, ‘‘सर, आले. पण दोन महिन्यांचेच आलेत, या महिन्याचे अजून नाही.’’ बरोबरच होतं. कोड अजून जुनाच चालू होता, त्या महिन्याचीही यादी हातानेच करावी लागणार होती. पुढच्या शनिवारी पुन्हा बसलो.

आणि ते साडेपाच तास मिळवणारे दोन हुशार? एकाची ओळ काढून टाकली. दुसऱ्याची मी कंपनी सोडली तेव्हाही तिथेच होती. वर कॉमेंट होती, ‘तात्पुरतं आहे, हात लावू नये’. शेजारी तारीखही होती, पण ती कुठल्या घड्याळाची, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.